गॅरेजची खोली आणि साडेसात हजार पौंडांची सवलत : एक प्रकरण अभ्यास

ब्रिटनमध्ये राहत्या घरातील सामानसुमानासह असलेली खोली भाड्याने देणाऱ्या मालकाला वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या भाड्यावर प्राप्तिकर द्यावा लागत नाही. 'रेंट अ रूम' या नावाने ओळखली जाणारी ही सवलत १९९२ च्या वित्त कायद्याने आली. ज्यांच्या घरात एखादी खोली रिकामी पडून आहे त्यांनी ती कराच्या कटकटीविना कोणाला तरी द्यावी आणि शहरात नोकरी-शिक्षणासाठी येणाऱ्यांना परवडणारा आसरा मिळावा, असा तिचा हेतू होता. सुरुवातीला मर्यादा ३,२५० पौंड होती, १९९७ मध्ये ती ४,२५० झाली आणि त्यानंतर जवळजवळ दोन दशके तशीच राहिली. ६ एप्रिल २०१६ पासून ती एकदम ७,५०० वर गेली. आज या कायद्याचा मजकूर २००५ च्या प्राप्तिकर कायद्याच्या सातव्या भागात आहे.

या सवलतीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतल्याशिवाय तिचा गैरवापर कसा होतो हे कळत नाही. भाडे मर्यादेच्या आत असेल तर ती आपोआप लागू होते. त्यासाठी अर्ज नाही, विवरणपत्र नाही, कोणाची मंजुरी नाही. आपण पात्र आहोत की नाही हे घरमालक स्वतःच ठरवतो आणि तो निर्णय बरोबर होता की नाही हे वर्षानुवर्षे कोणी विचारत नाही. साध्या माणसाला कागदपत्रांतून सोडवणारी ही व्यवस्था मला मनापासून योग्य वाटते. पण एकदा पात्र असलेला माणूस पुढे पात्र राहिला नाही, तरी त्याला ते सांगणारे कोणी नसते. पुढील प्रकरणातील दाम्पत्य कल्पित आहे, अभ्यासासाठी उभे केलेले आहे; नियम, दर आणि मर्यादा मात्र प्रत्यक्षातील आहेत.

परिस्थिती

पुण्याहून फार पूर्वी लंडनला गेलेले आणि आता ब्रिटिश नागरिक असलेले एक मराठी दाम्पत्य हॅरो भागात तीन बेडरूमच्या घरात राहते. घर दोघांच्या नावावर निम्मे-निम्मे आहे. पतीचा पगार ६२,००० पौंड, म्हणजे त्याच्या वरच्या उत्पन्नावर ४० टक्के दराने कर लागतो. पत्नीचा पगार २६,००० पौंड, तिला २० टक्के दर लागतो. दोघांचाही कर पगारातूनच कापला जात असल्यामुळे विवरणपत्र भरण्याची सवय दोघांनाही नाही. २०१६ पासून ते सर्वांत लहान खोली एका विद्यार्थ्याला देत आले. भाडे महिन्याला ५५० पौंड, वर्षाला ६,६००. स्वयंपाकघर, न्हाणीघर, टीव्हीची खोली सगळे सामाईक. सणासुदीला विद्यार्थी घरच्यांबरोबरच जेवायला बसायचा. इंग्रजीत ज्याला 'लॉजर' आणि आपल्याकडे 'पेइंग गेस्ट' म्हणतात तसा हा सरळ व्यवहार होता आणि सवलत नेमकी अशाच व्यवहारासाठी आहे.

२०१९ च्या सुरुवातीला त्यांनी साठवलेल्या पैशांतून ३२,००० पौंड खर्चून घराला लागून असलेल्या गॅरेजची खोली करून घेतली. तिला ओटा, सिंक, स्वतःचे न्हाणीघर आणि बाजूच्या बोळातून स्वतंत्र दार दिले. गॅरेजमधून घरात येणारे जुने दार होते, ते प्लास्टरबोर्ड लावून बुजवले आणि वरून रंग दिला. एप्रिल २०१९ पासून ही जागा नाशिकहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीला महिना ८५० पौंडांनी दिली. वर्षाचे १०,२०० पौंड झाले.

आता दोन्ही मिळून भाडे १६,८०० पौंड झाले. पतीने हिशेब मांडला तो असा : सवलत प्रत्येकी ७,५०० आहे, आपण दोघे आहोत, म्हणजे १५,००० माफ, उरलेले १,८०० दुरुस्ती-देखभालीत जातात. त्याचा कोथरूडचा फ्लॅट भाड्याने होता आणि भारतात घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावट खर्चाचा पुरावा न दाखवता मिळते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. तोच न्याय इथेही असणार असे त्याने गृहीत धरले. विवरणपत्र भरलेच नाही.

२८ मार्च २०२२ रोजी पतीच्या कंपनीने त्याला पुण्याच्या कार्यालयात पाठवले. पत्नीने नोकरी सोडली. घर गॅरेजच्या खोलीसह एका कुटुंबाला महिना २,१०० पौंडांनी दिले. वरच्या मजल्यावरील एका खोलीत स्वतःचे सामान भरून तिला कुलूप लावले आणि 'सामान आपले, घर आपले' या समजुतीवर सवलत चालूच आहे असे मानले. भाडे गोळा करण्याचे काम जवळ राहणाऱ्या मित्राकडे दिले. मार्च २०२४ अखेरीस ते कुटुंब गेले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दाम्पत्य परतले. जूनमध्ये गॅरेजची खोली थोड्या दिवसांच्या पाहुण्यांसाठी एका ऑनलाइन संकेतस्थळावर टाकताना संकेतस्थळाने पत्नीकडे नॅशनल इन्शुरन्स क्रमांक मागितला. १ जानेवारी २०२४ पासून अशा संकेतस्थळांना घरमालकांच्या उत्पन्नाची माहिती गोळा करून ती करखात्याला, म्हणजे एचएमआरसीला, कळवणे बंधनकारक झाले आहे आणि पहिली माहिती ३१ जानेवारी २०२५ पर्यंत द्यायची होती. तो रकाना पाहून पत्नी थांबली आणि दोघे करसल्लागाराकडे गेले.

बुजवलेले दार

सल्लागाराने सर्वप्रथम घर पाहायला मागितले. रंगाखाली जुन्या चौकटीची कड अजून दिसत होती. पलीकडे जायला मात्र घराबाहेर पडून बोळातून वळसा घालावा लागत होता. विजेचा उपमीटर वेगळा होता आणि बाहेर दुसरी घंटा होती. सवलतीचा निकाल या भिंतीवरच लागला.

कायदा सवलत देतो ती मालकाच्या एकमेव किंवा मुख्य राहत्या घरातील जागेसाठी. एकाच कुटुंबाच्या वापरासाठी बांधलेल्या घराचे तात्पुरते भाग पाडले तरी कायदा त्याला एकच घर मानतो. पण कायमचे वेगळे केलेले, स्वतंत्र स्वयंपाकाची सोय आणि स्वतंत्र दार असलेले निवासस्थान हे मालकाचे राहते घर राहत नाही, मग ते एकाच छपराखाली का असेना. ओटा, न्हाणीघर आणि वेगळे दार यांतील एखादी गोष्ट एकटी असती तर वादाला जागा होती. इथे सगळे एकत्र आले होते आणि वर आतला रस्ता बंद केला होता. त्यामुळे गॅरेजच्या भाड्याला एप्रिल २०१९ पासून एक पौंडाचीही सवलत नव्हती.

'दोघे म्हणून पंधरा हजार' ही समजूत तर घराबाबत काहीही असले तरी चुकीचीच होती. त्याच घराच्या भाड्यात दुसऱ्या कोणाचाही वाटा असेल तर प्रत्येकाची मर्यादा निम्मी, म्हणजे ३,७५० पौंड होते. पती-पत्नी मिळून ७,५०० च राहतात. (तीन भावंडांनी मिळून खोली दिली तर प्रत्येकाला ३,७५० मिळून बेरीज ११,२५० होते, ही कायद्यातील एक विचित्र बाब आहे, पण तिचा अर्थ दोघांना पूर्ण-पूर्ण मिळते असा होत नाही.) मराठी मंडळींच्या गप्पांत 'प्रत्येकी साडेसात' हा आकडा फिरत राहतो, कारण तो ऐकायला सोपा आहे आणि तपासायची वेळ कोणावर येत नाही.

लहान खोलीच्या बाबतीत मात्र त्यांचे काहीच चुकले नव्हते. ६,६०० चे दोन वाटे ३,३०० चे, म्हणजे ३,७५० च्या आत. ते भाडे पूर्ण करमुक्त होते आणि गॅरेजच्या चुकीमुळे ते बाधित होत नव्हते, कारण तो वेगळा भाडेव्यवहार होता. २०१६ ते २०१९ या वर्षांबद्दलही काही देणे लागत नव्हते.

तीन वर्षांचा हिशेब

गॅरेजच्या १०,२०० पौंडांतून काय वजा करता येते हे सल्लागाराने पावत्यांवरून काढले : विमा, वीज, गॅस, पाणी आणि कौन्सिल टॅक्स यांतील त्या जागेचा वाटा, तसेच किरकोळ दुरुस्त्या, मिळून वर्षाला १,८०० पौंड. बांधकामाचे ३२,००० पौंड वजा होत नाहीत, कारण तो भांडवली खर्च आहे. तो घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात येतो. पतीला हे सर्वांत जड गेले, कारण 'खर्च अजून वसूल झाला नाही, मग नफा कुठला' असाच त्याचा इतके दिवस विचार होता. भारतासारखी सरसकट ३० टक्के वजावटही इथे नाही.

वर्षाचा नफा ८,४०० पौंड, प्रत्येकी ४,२००. पतीचा कर १,६८० आणि पत्नीचा ८४०, एकूण २,५२०. २०१९-२०, २०२०-२१ आणि २०२१-२२ या तीन वर्षांचे ७,५६० पौंड. सगळे उत्पन्न पत्नीच्या नावे दाखवून २० टक्क्यांत बसवता येईल का, असेही विचारून झाले. पती-पत्नीच्या सामाईक घराचे उत्पन्न निम्मे-निम्मेच धरले जाते. मालकीचे प्रत्यक्ष हिस्से वेगळे असतील आणि तसे विहित नमुन्यात कळवले असेल तरच ते बदलते, आणि तेही मागच्या तारखेपासून नाही.

पुण्यातील दोन वर्षे

दाम्पत्याला सर्वाधिक धास्ती या वर्षांची होती, कारण संपूर्ण घराचे भाडे सवलतीखाली दडवल्यासारखे झाले होते. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही करवर्षांत त्यांचे मुख्य राहते घर हॅरोमध्ये एक दिवसही नव्हते, त्यामुळे सवलत लागू नव्हती. कुलूपबंद खोलीत सामान असल्याने माणूस तिथे राहतो असे होत नाही. तरीही देय कर शून्य निघाला. २५,२०० पौंडांच्या वार्षिक भाड्यातून ३,२०० खर्च वजा जाता नफा २२,०००, प्रत्येकी ११,०००. ब्रिटिश नागरिक म्हणून दोघांनाही परदेशात असतानाही १२,५७० पौंडांची वैयक्तिक करमुक्त मर्यादा होती आणि ब्रिटनमधले दुसरे काही उत्पन्न नव्हते. भारतातही, आधीची अनेक वर्षे अनिवासी असल्यामुळे, ते 'निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेले' या वर्गात होते आणि परदेशातील घरभाडे तिथे करपात्र ठरले नाही. म्हणजे सरळ विवरणपत्र भरले असते तर एक पौंडही द्यावा लागला नसता. ज्या सवलतीचा त्यांनी आडोसा घेतला तिची गरजच नव्हती.

मित्राचे मात्र अवघड झाले. मालक परदेशात राहत असेल तर भाडे गोळा करणाऱ्याने त्यातून २० टक्के मूळ दराने कर कापून खात्याकडे भरायचा असतो, आणि हा नियम व्यावसायिक एजंटाइतकाच भाडे सांभाळणाऱ्या मित्रालाही लागतो. मालकाने आधी अर्ज करून पूर्ण भाडे घेण्याची परवानगी मिळवली असती तर हे टळले असते. शेजारधर्म म्हणून केलेल्या कामात त्या माणसाच्या डोक्यावर एक कायदेशीर जबाबदारी आली होती आणि ती कोणी त्याला सांगितलीच नव्हती.

या टप्प्यावर कायद्यातील एक ढिलाईही नोंदवली पाहिजे. घर मुख्य निवास असण्याची अट भाड्याच्या काळात 'कधीतरी' पूर्ण झाली तरी चालते. त्यामुळे विम्बल्डनच्या स्पर्धेत पंधरा दिवस आपले सगळे घर भाड्याने देऊन गावाला जाणाऱ्या मालकालाही सवलत मिळते, जरी त्या काळात तो पाहुण्याबरोबर राहत नसतो. ही पळवाट बंद करण्यासाठी सरकारने २०१८ च्या जुलैमध्ये 'सामाईक वास्तव्या'च्या अटीचा मसुदा प्रसिद्ध केला, पण ऑक्टोबर २०१८ च्या अर्थसंकल्पात तो मागे घेतला. व्यवस्था सोपी राहावी हे त्यामागचे कारण होते. माझ्या मते ती अट यायला हवी होती. जिथे पाहुणा आणि मालक एका स्वयंपाकघरात चहा करतात तिथेच ही सवलत आपल्या मूळ हेतूला धरून राहते, आणि सामान भरलेल्या खोलीला कुलूप लावून दिलेल्या घराला तीच सवलत मिळते असे लोकांना वाटू लागते, ते या 'कधीतरी'मुळेच.

नाशिकची विद्यार्थिनी

अशा प्रकरणांत चर्चा करापाशीच संपते, पण या गैरवापराचा एक बळी हिशेबात दिसत नाही. गॅरेजमधल्या मुलीला दाम्पत्य सर्वत्र 'लॉजर' म्हणत होते, कारण सवलत लॉजरसाठी असते. मार्च २०२२ मध्ये पुण्याला जाण्याचे ठरल्यावर त्यांनी तिला दोन आठवड्यांत जागा सोडायला सांगितले. मालकाबरोबर जागा सामाईक वापरणाऱ्या लॉजरला न्यायालयात न जाता काढता येते, हे खरे. पण जिच्याशी मालकाची एकही भिंतीआतली जागा सामाईक नाही तिला भाडेकरूला बेकायदा बाहेर काढण्यापासून संरक्षण देणाऱ्या १९७७ च्या कायद्याखाली किमान चार आठवड्यांची नोटीस आणि त्यानंतरही ती न गेल्यास न्यायालयाचा आदेश लागतो. हे तिला माहीत नव्हते. परीक्षेच्या तोंडावर ती दुसऱ्याच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहिली. कराच्या सोयीसाठी चिकटवलेले एक नाव तिच्या हक्कांवर पांघरूण घालून गेले. दाम्पत्याने तिच्याशी कधी वाईट वागायचे ठरवले नव्हते, हे मी मानतो. पण परक्या देशात पहिल्यांदा आलेल्या मुलीच्या बाबतीत अज्ञानाचा भार तिच्यावर पडू देणे हे माझ्या दृष्टीने ७,५६० पौंडांपेक्षा गंभीर आहे.

चूक की जाणूनबुजून

दंडाचे सगळे गणित या एका प्रश्नावर फिरते. उत्पन्न कळवायचे राहून गेले पण ते हेतुपुरस्सर नव्हते, आणि करदात्याने खात्याने गाठण्याआधी स्वतः सांगितले, तर वर्षभराहून जुन्या चुकीसाठी थकीत कराच्या १० ते ३० टक्के दंड होतो. तेच हेतुपुरस्सर असेल तर २० ते ७० टक्के. खात्याला मागे किती वर्षे जाता येते हा प्रश्न वेगळा : उत्पन्न कधी कळवलेच नसेल आणि त्याला वाजवी सबब नसेल, तर वीस वर्षांपर्यंत. 'मित्रांनी असे सांगितले' ही वाजवी सबब नव्हे.

सल्लागाराला कागदांत दोन गोष्टी सापडल्या. विमा कंपनीला दिलेल्या माहितीत 'घरात दोन लॉजर' असे लिहिले होते आणि विद्यार्थिनीबरोबरच्या करारात तीच जागा 'स्वतंत्र स्टुडिओ फ्लॅट' होती. करार पतीने इंटरनेटवरून उतरवलेला होता. हे दोन कागद शेजारी ठेवले तर, जागा स्वतंत्र आहे हे माहीत असूनही सोयीचे नाव वापरले, असा अर्थ कोणीही काढू शकतो. पतीचे म्हणणे होते की कराराचा मजकूर त्याने वाचला नव्हता आणि सवलतीला स्वतंत्र जागा चालत नाही हे त्याच्या गावीही नव्हते. सल्लागाराने त्याला विश्वासात घेऊन सांगितले की हे दोन्ही कागद प्रकटीकरणात, म्हणजे राहून गेलेले उत्पन्न खात्याला कळवण्याच्या निवेदनात, स्वतःहून जोडावेत आणि खुलासाही तिथेच लिहावा; नंतर खात्याला ते सापडले तर त्याच खुलाशावर कोणी विश्वास ठेवणार नाही. हा सल्ला मला या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

घरभाड्याचे राहून गेलेले उत्पन्न स्वेच्छेने कळवण्यासाठी एचएमआरसीची २०१३ पासून एक मोहीम चालू आहे. तिच्यात आधी 'मला सांगायचे आहे' एवढेच कळवायचे आणि त्यानंतर ९० दिवसांत वर्षवार हिशेब, व्याज आणि आपण योग्य मानतो तो दंड यांसह रक्कम भरायची. दाम्पत्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोंद केली. तीन वर्षांहून अधिक उशीर झाला की खाते दंडाची किमान पातळी सहसा देत नाही, म्हणून त्यांनी १० ऐवजी २० टक्के, म्हणजे १,५१२ पौंड देऊ केले. कर आणि दंड मिळून ९,०७२ पौंड आणि त्यावर व्याज. पुण्यातील दोन वर्षांचा हिशेबही जोडला. कर शून्य असल्याने दंडही शून्य. खात्याने प्रस्ताव मान्य केला.

भांडवली नफ्याचा एक धागा मागे राहिला. मालकासह राहणाऱ्या एका लॉजरमुळे राहत्या घराची भांडवली नफ्यातील सूट कमी होत नाही आणि परदेशातील नोकरीमुळे घराबाहेर काढलेली वर्षेही, आधी आणि नंतर त्याच घरात राहिल्यास, वास्तव्यातच धरली जातात. पण गॅरेजच्या स्वतंत्र भागाला त्या काळापुरती ही सूट नाही, आणि ६ एप्रिल २०२० पासून भाडेकरूसाठीची जादा सूट केवळ मालक सोबत राहत असेल तरच मिळते. त्यामुळे त्या भागाच्या बांधकामाच्या पावत्या आणि तारखा सांभाळून ठेवाव्यात, असे सल्लागाराने लिहून दिले.

पुढची व्यवस्था

गॅरेजचे काय करायचे यावर घरात बरीच चर्चा झाली. स्वतंत्र ठेवून दरवर्षी नफ्यावर कर भरणे हा एक मार्ग होता. त्यांनी दुसरा निवडला : मार्च २०२५ मध्ये प्लास्टरबोर्ड काढून आतले दार उघडले, ओटा काढून टाकला, बाहेरचे दार कायमचे बंद केले आणि ती खोली घराचे स्वयंपाकघर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला महिना ५०० पौंडांनी दिली. २०२५-२६ साठी दोन्ही खोल्या मिळून १२,६०० पौंड, प्रत्येकी ६,३००. ही रक्कम ३,७५० च्या पुढे असल्याने आता विवरणपत्र भरावेच लागते आणि दोन पर्याय उरतात. प्रत्यक्ष खर्च वजा करून नफा काढला तर प्रत्येकी ५,०५० करपात्र होतात. खर्च सोडून देऊन भाड्यातून सरळ ३,७५० वजा केले तर २,५५०. दुसरा पर्याय हवा असल्यास तसे कळवावे लागते आणि २०२५-२६ साठी ते ३१ जानेवारी २०२८ पर्यंत करता येते. एकदा कळवले की मागे घेईपर्यंत तो पुढच्या वर्षांनाही लागू राहतो. दोघांनी आपापल्या विवरणपत्रात तोच पर्याय घेतला आणि विमा कंपनीलाही आता खरेच दोन लॉजर असल्याचे नव्याने लिहून कळवले.